दात पडला तरी फेकू नका!



गळिताचा हंगाम सुरू झाला की फडापासून गव्हाणीपर्यंत आपणा सर्वांचीच धावपळ उडते. तोडणी, भरणी, वाहतूक, रात्रीची पाळी. या गडबडीत लहानमोठे अपघात होतात. हात मोडला तर काय करावे, विळा लागला तर काय बांधावे, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक असते. परंतु तोंडावर मार बसून दात पडला, तर चूळ भरायची, हळद दाबायची आणि "दातच गेला, जीव तर वाचला" म्हणत कामाला लागायचे, ही आपली रीत. पडलेला दात तिथेच मातीत राहतो.

साखर कारखान्याच्या अंकात दातांवर लेख म्हटल्यावर काही सभासद गालातल्या गालात हसतील. साखरेने दात किडतात तो विषय आज बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे ते मार लागून हललेल्या, तुटलेल्या आणि पडलेल्या दाताबद्दल. त्यातली एक गोष्ट प्रत्येक घरी माहीत असावी, म्हणून हा लेखनप्रपंच. कायमचा दात मुळासकट निघून पडला तरी तो लगेच मेलेला नसतो. त्याला परत त्याच्या जागी बसवता येते. तो जगणार की नाही, हे बरेचसे पहिल्या अर्ध्या तासात ठरते. आणि तो अर्धा तास दवाखान्यात नव्हे, तर आपल्या शेतात, शाळेच्या मैदानावर किंवा रस्त्यावर जातो.

दात हाडात कसा बसलेला असतो?

भिंतीत खुंटी ठोकावी तसा दात हाडात घट्ट रुतलेला नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ पडदा असतो. या तंतूंनी दात हाडाला बांधलेला असतो. भाकरी चावताना दात किंचित दबतो आणि परत वर येतो, तो या पडद्यामुळेच. दात उपटून पडतो तेव्हा हा पडदा मध्येच फाटतो. निम्मा हाडाच्या खोबणीत राहतो, निम्मा दाताच्या मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळाला चिकटलेल्या पडद्यातल्या पेशी जिवंत असल्या, तर दात परत बसवल्यावर दोन्ही बाजू पुन्हा सांधतात. त्या वाळून मेल्या, तर दात बसला तरी टिकत नाही.

आपण उसाचे रोप ट्रेमधून काढून सरीत लावतो तेव्हा त्याच्या मुळ्या उन्हात उघड्या ठेवतो का? दाताचेही तसेच आहे. वरचा पांढरा भाग कितीही टणक दिसला तरी जीव मुळावरच्या सालीत आहे. म्हणून दात उचलताना वरच्या पांढऱ्या भागाला धरायचे, मुळाला बोट लावायचे नाही.

वेळेचा हिशेब

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील दंतवैद्य आंद्रेआसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६६ साली, पडून परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत परत बसवलेल्या दातांपैकी सुमारे ९० टक्के दातांचे मूळ पुढे झिजले नाही. दोन तासांहून जास्त काळ बाहेर राहिलेल्या दातांपैकी सुमारे ९५ टक्के दातांचे मूळ झिजू लागले. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की उतारा घटतो, हे आपणांस सांगायला नको. इथे तर हिशेब दिवसांचा नाही, मिनिटांचा आहे.

त्यानंतर बरेच संशोधन झाले. दातांच्या अपघातांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचाही गोषवारा हाच आहे. पंधरा मिनिटांच्या आत दात जागेवर गेला तर उत्तम. दुधासारख्या योग्य द्रवात ठेवला असेल तर आशा असते. एक तासाहून अधिक काळ कोरडा राहिला तर मुळावरच्या पेशी जगत नाहीत.

आधी जीव, मग दात

दाताच्या मागे लागण्यापूर्वी माणूस शुद्धीवर आहे का ते पाहा. बेशुद्धी, उलट्या, कानातून रक्त किंवा पाणी, बोलण्यात असंबद्धपणा यांपैकी काही दिसले, तर तो डोक्याचा मार समजावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अशा माणसाच्या तोंडात दात बसवण्याचा खटाटोप करू नये. दात श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. जबडा वाकडा दिसत असेल, वरचे-खालचे दात नेहमीसारखे जुळत नसतील, तर हाड मोडलेले असू शकते. आणि पडलेला दात सापडतच नसेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. तो कधी गिळलेला असतो, कधी ओठात घुसलेला असतो, कधी फुप्फुसात गेलेला असतो. क्ष-किरण तपासणीत ते कळते.

पहिल्या अर्ध्या तासात काय कराल?

माणूस शुद्धीवर आहे आणि पडलेला दात कायमचा आहे, असे असल्यास:

१) दात शोधा. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला.

२) माती लागली असेल तर दुधाने, नाहीतर त्याच माणसाच्या लाळेने हलकेच धुवा. दोन्ही नसेल तर गार पाण्याच्या धारेखाली काही सेकंदच धरा, दहा सेकंदांच्या वर नको. घासू नका, ब्रश लावू नका, धोतराच्या सोग्याने पुसू नका. डेटॉल, स्पिरिट, चुना, हळद, तंबाखू यांपैकी काहीही दाताला लावू नका.

३) शेजारचा दात पाहून पुढची-मागची बाजू ओळखा आणि बोटाने हलकेच दाबून दात खोबणीत बसवा. हे ऐकून अंगावर काटा येईल. पण ताज्या जखमेत वाटते तितके दुखत नाही. शेजारच्या दातांच्या ओळीत आला की थांबा. थोडा वाकडा बसला तरी हरकत नाही, डॉक्टर सरळ करतात.

४) स्वच्छ रुमालाची घडी दातांमध्ये धरून हलकेच चावून ठेवायला सांगा आणि निघा.

५) दात बसवायला धीर होत नसेल, तर तो ताबडतोब वाटीभर गार दुधात टाका आणि ती वाटी घेऊन दंतवैद्याकडे जा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा.

६) मातीत किंवा शेणात पडून जखम झाली असेल, तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी विचारा.

दूधच का?

पुष्कळांना वाटते, दात पाण्यात ठेवला म्हणजे झाले. परंतु साधे पाणी या पेशींना मानवत नाही. पेशींच्या आत क्षार असतात, साध्या पाण्यात ते जवळजवळ नसतात. त्यामुळे पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि फुटतात. दुधातील क्षारांचे प्रमाण शरीरातील द्रवाशी बरेच जुळते, आंबटपणा नसतो, आणि तापवलेल्या दुधात जंतूही कमी असतात. म्हणून दुधात या पेशी काही तास तग धरतात.

ही आपल्यासाठी मोठीच सोय आहे. उसाच्या जोडीला एखादी गाय-म्हैस बहुतेकांच्या दावणीला असते, आणि जिथे नसते तिथे चहाच्या टपरीवर पिशवी मिळते. संशोधन झाले ते मुख्यतः गाईच्या दुधावर. घरात म्हशीचेच असेल तर दात कोरडा ठेवण्यापेक्षा त्यात ठेवावा हे उघड आहे. दूध तापवून गार झालेले असावे. गरम दूध, साखरेचे दूध, ताक, दही चालत नाही. दूध नसेल तर जुलाबात देतात ते ओआरएस, म्हणजे जलसंजीवनीचे पाकीट पुडीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यात कालवून वापरता येते. ते आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळते. तेही नसेल तर पेल्यात त्या माणसाची लाळ घेऊन तीत दात ठेवावा. काहीच नसेल तर पाणी. कोरड्या रुमालात बांधून खिशात टाकण्यापेक्षा तेही बरे.

दुधाचा दात परत बसवू नये

वर सांगितले ते सारे कायमच्या दाताबद्दल. लहान मुलाचा दुधाचा दात मार लागून पडला तर तो परत बसवायचा नाही. त्याच्या वरच्या बाजूला कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो, त्याला इजा होऊ शकते. पण म्हणून डॉक्टरांना दाखवू नये असे नाही. दुधाचा दात आत दाबला गेला असेल तर त्या अंकुराला धक्का बसलेला असू शकतो.

ओळखायचे कसे? वरचे मधले दोन कायमचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा पुढचा दात बहुधा दुधाचा. कायमचा दात आकाराने मोठा, किंचित पिवळसर असतो आणि नवीन असताना त्याची कड करवतीसारखी दातेरी दिसते. शंका असेल तर दात बसवू नका, दुधात ठेवून घेऊन जा.

आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकायची किंवा तुळशीत पुरायची पद्धत आहे. आपोआप पडलेल्या दुधाच्या दाताला ती शोभते. पण आठवी-नववीतल्या मुलाचा मार लागून पडलेला दातही त्याच हौसेने कौलावर गेला, तर तो पुन्हा येणार नाही. कायमच्या दातामागे तिसरा दात नसतो.

हलला, आत गेला, तुटला तर

प्रत्येक वेळी दात पडतोच असे नाही. मार कसा लागला त्यावर दुखापतीचा प्रकार ठरतो आणि उपचारही.

दात नुसता ठणकतो किंवा थोडा हलतो, हिरडीच्या कडेने रक्त येते, पण जागा सोडलेली नाही: हा सर्वांत सौम्य प्रकार. मऊ खाणे आणि तपासणी एवढ्यावर बहुधा भागते. खूप हलत असेल तर दोन आठवड्यांपर्यंत आधार देतात.

दात खाली लोंबतो: "तसाही जाणारच" म्हणून ओढून काढू नका. डॉक्टर तो जागेवर सरकवतात आणि दोन आठवडे शेजारच्या दातांना बांधून ठेवतात.

दात मागे किंवा बाजूला सरकला आणि तिथेच घट्ट अडकला: यात खोबणीचे हाडही मोडलेले असते. भूल देऊन दात जागेवर आणतात, आधार चार आठवडे ठेवतात. दोन-तीन दात एकदम एका तुकड्यात हलत असतील तर हाडाचा तो भागच सुटलेला असतो. तिथेही चार आठवडे.

दात वर हाडात घुसला: हा फसवा प्रकार आहे. दात आखूड दिसतो किंवा दिसेनासाच होतो, आणि घरच्यांना वाटते पडून गेला. कोवळ्या मुळाचा दात कधी कधी आपणहून खाली येतो, म्हणून डॉक्टर काही आठवडे वाट पाहतात. मोठ्या माणसात तो तारेने किंवा शस्त्रक्रियेने खाली आणावा लागतो.

दाताचा तुकडा उडाला: तुकडा शोधा आणि ओला ठेवून न्या. पुष्कळदा तोच तुकडा चिकटवता येतो. तुटलेल्या जागी लाल ठिपका दिसत असेल तर आतला गर, ज्याला आपण नस म्हणतो, उघडा पडला आहे; त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुलांमध्ये तो गर औषधाने झाकून जिवंत ठेवता येतो, आणि मुळाची राहिलेली वाढ पुरी होते.

मूळच आतल्या आत मोडले: हे बाहेरून दिसत नाही, क्ष-किरणात दिसते. तरीही दात काढावाच लागतो असे नाही. जागेवर बसवून साधारण चार आठवडे आधार दिल्यास अनेक दात टिकतात. हिरडीजवळ मोडले असेल तर अधिक काळ लागतो.

डॉक्टर काय करतात, आणि का?

पडलेला दात बसवल्यावर डॉक्टर बारीक तार आणि दातांचे सिमेंट वापरून तो शेजारच्या दातांना दोन आठवडे जोडतात. ही तार मुद्दाम लवचीक असते. पूर्वी दात अगदी घट्ट आवळून ठेवीत. पण तशाने मुळाचे हाडाशी थेट जोड होण्याचा धोका वाढतो असे दिसून आले. रोपाला काठीचा आधार देताना आपण सैल बांधतो, कारण थोडे हलले तर ते बळ धरते. तसेच हे.

दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करायला सांगतात. इथेच आपली माणसे अडतात. "दात बसला, दुखत नाही, मग नस काढायची कशाला?" याचे उत्तर असे: मोठ्या माणसाचा दात मुळासकट उपटून निघाला की त्याच्या टोकातून आत जाणारी नस आणि रक्तवाहिनी तुटते. आतला गर मरतो, तो परत जिवंत होत नाही. मेलेला गर कुजला की त्यातले जंतू मुळाच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतात आणि मूळ वितळू लागते. दुखत नाही म्हणून कळतही नाही, आणि कळते तेव्हा दात हातात आलेला असतो. चांगला बसलेला दात केवळ या एका चुकीने जातो.

लहान मुलांचे वेगळे आहे. दात नुकताच उगवलेला असेल तर मुळाचे टोक उघडे असते. त्यातून नवी रक्तवाहिनी आत शिरून गर जगू शकतो. म्हणून डॉक्टर लगेच रूट कॅनाल न करता थांबतात, मात्र वारंवार तपासतात.

तपासणी दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि पुढे वर्षातून एकदा, अशी किमान पाच वर्षे असते. दात काळपट पडला, हिरडीवर पुळी आली, तर तारखेची वाट पाहू नये. हंगाम आहे, वेळ नाही, ही सबब दाताला समजत नाही.

उशीर झाला तर?

दोन-चार तास झाले, दात वाळला, तरी फेकू नका, घेऊन जा. असा दात पुढे हळूहळू हाडाशी एकजीव होतो आणि त्याचे मूळ वर्षानुवर्षे झिजत जाते हे खरे. पण तोवर तो जागा आणि हाड राखतो. वाढत्या मुलाला याचे मोल फार आहे. कृत्रिम दाताचा स्क्रू हाडात बसवायचा तर जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते, म्हणजे निदान अठरा वर्षे थांबणे आले. दहा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने आठ वर्षे ओठ मिटून हसायचे, की स्वतःचा दात जमेल तितका वापरायचा, एवढाच प्रश्न आहे.

पथ्य

पहिले दोन आठवडे खिचडी, आमटीभात, लापशी, दुधात कुस्करलेली भाकरी असे मऊ अन्न. पुढच्या दातांनी काही तोडू नये. ऊस सोलून खाण्याचा मोह तर मुळीच नको. मऊ ब्रशने दात घासावेत, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या चुळा दिवसातून दोनदा भराव्यात. मिश्री, तंबाखू, गुटखा बंद. दिलेल्या गोळ्या पुऱ्या घ्याव्यात.

मार लागूच नये म्हणून

चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणारी पोरे आपण दररोज पाहतो. हिसका बसून तोंडावर पडणे हे त्यात ठरलेलेच, आणि चाकाखाली जाण्याची भीती त्याहून मोठी. ट्रॅक्टरचालकांनी गावातून जाताना वेग कमी ठेवावा, पालकांनी पोरांना दटावावे. ट्रॉलीच्या मागे तांबडे परावर्तक लावावेत. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळते तेव्हा आधी चेहरा फुटतो. मोटारसायकलवर हनुवटी झाकणारे हेल्मेट घालावे. हापशाचा दांडा वर येतो तेव्हा लहान मूल समोर नसावे. जुन्या इंजिनाचे हँडल मारताना तोंड पुढे करू नये. बैलाला वेसण घालताना मान बाजूला ठेवावी. कबड्डी खेळणाऱ्या मुलांना दातांवर बसणारे रबरी कवच मिळते, ते घ्यावे. ज्यांचे वरचे दात पुढे आलेले आहेत अशा मुलांना मार लागण्याचा संभव जास्त असतो. त्यांचे दात वेळीच तारेने मागे घ्यावेत. आणि बाटलीची झाकणे उघडायला, वायर सोलायला दात हे हत्यार नव्हे.

कोठे जावे?

जवळचा दंतवैद्य कोण, त्यांचा दूरध्वनी काय, हे आजच भिंतीवर लिहून ठेवा. अपघाताच्या वेळी शोधाशोध नको. जिल्हा आणि बहुतेक उपजिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. ऊसपट्ट्यातही लोणी, कराड, सांगली, कोल्हापूर येथे दंत महाविद्यालये आहेत. रात्रीची वेळ असेल तर गावातल्या डॉक्टरांकडून दात निदान जागेवर बसवून घ्या, बाकीचे सकाळी.

सभासदांना विनंती, की हा मजकूर घरच्या मंडळींना वाचून दाखवावा. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना द्यावा. आपल्या फडात उतरलेल्या तोडणी टोळीच्या मुकादमालाही सांगावा. त्यांची लेकरे आपल्याच बांधावर खेळतात आणि त्यांच्या कोपीपासून दवाखाना सर्वांत लांब असतो. त्यांच्यापैकी कुणाचा दात पडला तर वाटीभर दूध आणि गाडीची सोय आपण करायची आहे. एवढे चार शब्द तोंडपाठ असू द्या: दात उचला, मूळ धरू नका, जागेवर बसवा, नाही जमले तर दुधात ठेवा आणि निघा.